इंजिन बदलल्यावर ऑटोमॅटिक गाडीचा सेल्फ लागत नाही: दोष शोधायचा कसा

इंजिन बसलं, होज जोडले, ऑइल आणि कूलंट भरलं, चावी फिरवली आणि नुसतं ‘टक्’ झालं. किंवा तेही नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात थेट स्टार्टरकडे जातो: उतरवा, नवा आणा, बसवा. नवा बसवूनही तेच ‘टक्’ ऐकू येतं आणि मग खऱ्या शोधाला सुरुवात होते.

इंजिन बदललेल्या गाडीत स्टार्टरवर सगळ्यात शेवटी संशय घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. काल व्यवस्थित चालणारा स्टार्टर दोन दिवस टेबलावर पडून राहिला म्हणून बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या आजूबाजूचं. सोडलेली अर्थची पट्टी परत लागलेली नसते, गियरची केबल ओढली गेलेली असते, फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागे बसणारी तबकडी, जिच्या कडेच्या दातांना, म्हणजे रिंग गियरला, स्टार्टर फिरवतो) दुसऱ्याच गाडीची असते किंवा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गियरबॉक्सला देणारा भाग) नीट आत बसलेला नसतो. म्हणजे ज्या ज्या गोष्टीला काम करताना हात लागला, ती आधी तपासायची. एकच अपवाद: जुन्या इंजिनासोबत आलेला आणि कुठे किती दिवस पडून होता हे माहीत नसलेला स्टार्टर. तो गाडीवर चढवण्याआधीच व्हाइसमध्ये घट्ट पकडून जंपर केबलने फिरवून पाहावा.

मॅन्युअल गाडी निदान धक्का मारून तरी सुरू होते. ऑटोमॅटिकमध्ये ती सोय नाही. गियरबॉक्समधले क्लच ऑइलच्या दाबावर पकडतात, तो दाब निर्माण करणारा पंप टॉर्क कन्व्हर्टरच्या मानेवर फिरतो आणि कन्व्हर्टर फिरतो इंजिनाबरोबर. इंजिन थांबलेलं असेल तर दाब नाही, दाब नाही तर चाकांची ताकद इंजिनापर्यंत पोचत नाही. त्यामुळे स्टार्टरचा दोष नीट शोधण्यावाचून इथे गत्यंतर नसतं.

कामाला लागण्याआधी

गियर ‘पी’मध्ये (पार्क), हँडब्रेक ओढलेला, चारही चाकांना उटी. गाडी वर उचलली असेल तर स्टँडवर. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. इंजिन अचानक सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून ठेवा. स्टार्टरच्या जाड केबलला हात लावण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. त्या केबलच्या वाटेत सहसा फ्यूज नसतो. पाना एकाच वेळी केबलला आणि बॉडीला लागला तर तो क्षणात लाल होतो.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, चांगल्या जाडीची जंपर केबल, क्रँक पुलीच्या बोल्टला बसणारा सॉकेट आणि लांब दांड्याचा पाना. शिवाय चावी फिरवायला एक माणूस, कारण यातली महत्त्वाची मापं चावी ‘स्टार्ट’वर असतानाच घ्यायची असतात.

आवाजावरून अंदाज

चावी फिरवल्यावर काहीच ऐकू येत नसेल तर सोलेनॉइडपर्यंत (स्टार्टरच्या मोटरला वीज जोडणारा, स्टार्टरवरचाच चुंबकी स्विच) सिग्नल पोचत नाही असं धरून चला. सलग ‘टकटकटकटक’ होत असेल तर सोलेनॉइड ओढला जातोय, पण मोटरने करंट घेतला की व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो आणि परत ओढला जातो; अशक्त बॅटरी आणि खराब अर्थ ही याची नेहमीची कारणं. एकच जड ‘ठक्’ आणि पुढे शांतता असेल तर तीन शक्यता असतात: मोटरपर्यंत पुरेसा करंट जात नाही, सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा इंजिनच फिरायला तयार नाही. मोटर ‘घुर्रर्र’ फिरते आणि इंजिन जागचं हलत नाही तेव्हा बेंडिक्स (स्टार्टरचा पुढे सरकणारा छोटा गियर) रिंग गियरपर्यंत पोचत नाही किंवा त्याचा एकेरी क्लच घसरतोय. आणि दातांवर दात घासल्याचा कर्कश आवाज आला तर तिथेच थांबा. परत परत चावी फिरवून पाहिलं तर रिंग गियर जाईल, आणि तो बदलायचा म्हणजे गियरबॉक्स पुन्हा खाली उतरवायचा.

पहिली पायरी: इंजिन हाताने फिरवून पाहा

मल्टिमीटर हातात घेण्याआधी हे करा. स्पार्क प्लग काढा, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये (न्यूट्रल) इंजिन एकसारख्या, बेताच्या जोराने फिरायला हवं. फिरलं तर दोष विजेच्या बाजूला किंवा दातांत आहे आणि या पायरीचा उरलेला भाग तुम्हाला सोडता येईल. अडलं तर विजेची सगळी तपासणी थांबवा, कारण अडलेलं इंजिन कुठलाच स्टार्टर फिरवू शकणार नाही.

अडलेल्या इंजिनात आधी सोपी कारणं बाजूला काढा. पट्टा उतरवा आणि पुन्हा फिरवा. जाम झालेला एसी कॉम्प्रेसर किंवा अल्टरनेटर इंजिनाला धरून ठेवू शकतो. मग स्टार्टर उतरवून फिरवा. बेंडिक्स रिंग गियरमध्ये अडकून बसला असेल तर इंजिन लगेच मोकळं होतं. प्लग काढल्यावर एखाद्या भोकातून पाणी, पेट्रोल किंवा ऑइल बाहेर आलं तर सिलिंडरमध्ये द्रव भरला होता. द्रव दाबला जात नाही, म्हणून पिस्टन तिथे अडतो. प्लग न काढता अशा इंजिनावर स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. समोरच्या बाजूला एखादा जास्त लांबीचा बोल्ट आत जाऊन काही अडवतोय का, तेही पाहा. काढलेले बोल्ट एकाच डब्यात टाकले की ही गोष्ट हमखास घडते.

यातलं काहीच नसेल तर संशय टॉर्क कन्व्हर्टरवर जातो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन बदलताना होणारी सगळ्यात महागडी गडबड हीच, म्हणून इथे जरा तपशिलात जातो.

कन्व्हर्टर गियरबॉक्समध्ये साधारण तीन टप्प्यांत बसतो. आधी त्याचे आतले दाते इनपुट शाफ्टवर चढतात, मग स्टेटरच्या शाफ्टवर, आणि शेवटी मानेवरच्या खाचा पंपाच्या गियरमध्ये शिरतात. आत ढकलत हळूहळू फिरवलं की तो प्रत्येक टप्प्याला थोडा थोडा आत उतरल्याचं हाताला स्पष्ट कळतं. शेवटचा टप्पा राहून गेला तर कन्व्हर्टर एक-दोन सेंटिमीटर बाहेर राहतो, आणि वरवर पाहणाऱ्याला तो बसल्यासारखाच वाटतो. मग इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यात फट दिसते आणि ती बोल्ट आवळून मिटवली जाते. तेवढ्याने पंपाचे गियर फुटतात किंवा सगळी जुळणी दाबली जाऊन जाम होते. बेलहाउसिंग (गियरबॉक्सचं इंजिनाला जोडलं जाणारं तोंड) हाताच्या जोराने इंजिनाला टेकलं पाहिजे. बोल्टांचं काम ते धरून ठेवण्याचं आहे, ओढून आणण्याचं नाही.

बरोबर बसल्याची खूण अशी. इंजिन आणि गियरबॉक्स एकमेकांना पूर्ण टेकल्यावर, कन्व्हर्टरचे बोल्ट लावण्याआधी, कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटला भिडण्यासाठी तो थोडा पुढे ओढावा लागला पाहिजे. ही फट बहुतेक गाड्यांत ३ ते ५ मिलिमीटरच्या आसपास असते; तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

जोडणी आधीच पूर्ण झाली असेल तर तपासायचा मार्ग वेगळा. इंजिन आणि गियरबॉक्स दोन्हींना खालून आधार द्या, बेलहाउसिंगचे बोल्ट सगळीकडून सारखे काही मिलिमीटर सैल करा आणि क्रँक पुन्हा फिरवा. आवळल्यावर जड आणि सैल केल्यावर मोकळं असं झालं तर कन्व्हर्टर दाबला जातोय हे नक्की. तसं निघालं तर गियरबॉक्स बाजूला घ्या आणि पंप उघडून पाहा. पंप न पाहता परत जोडू नका.

आणखी दोन कारणं. इंजिन मॅन्युअल गाडीतून आलं असेल तर क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग (मॅन्युअल गियरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं) राहिलेलं असू शकतं आणि त्यामुळे कन्व्हर्टरचं नाक आत शिरत नाही. ते काढावंच लागतं. दुसरं म्हणजे कन्व्हर्टरचे बोल्ट. मूळच्यापेक्षा लांब बोल्ट लावले तर ते कन्व्हर्टरच्या पत्र्याला आतून फुगवटा आणतात आणि आतला लॉकअप क्लच खराब करतात.

बॅटरीच्या आकड्यांवरून काय कळतं

इंजिन मोकळं फिरतंय, आता मीटर काढा. बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर, केबलच्या क्लॅम्पवर नव्हे तर थेट शिशाच्या खुंटीवर, मीटर लावा. काही तास विश्रांती घेतलेली पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन बदलण्याच्या कामात गाडी बरेच दिवस उभी असते, दार उघडं असतं, आतला दिवा चालू असतो. तेव्हा आधी पूर्ण चार्ज करा आणि मगच पुढची मापं घ्या. अर्धवट बॅटरीवर घेतलेली सगळी मापं दिशाभूल करतात.

आता मीटर तसाच ठेवून चावी ‘स्टार्ट’वर धरायला सांगा. आकडा ९ च्या खाली गेला आणि टकटक झाली तर बॅटरीच दमलेली आहे. (सामान्य हवामानात क्रँकिंग करताना ९.६ च्या खाली जाऊ नये, हा नेहमीचा निकष.) आकडा १०-११ पर्यंत उतरला, दिवे मंद झाले, ‘ठक्’ झालं आणि इंजिन हललं नाही, तर भरपूर करंट वाहतोय पण मोटर फिरू शकत नाही. एक तर मोटर आतून शॉर्ट आहे, किंवा तिला फिरू न देणारं काहीतरी आहे. आणि ‘टक्’ होऊनही आकडा १२ च्या वरच राहिला तर बॅटरीतून मोठा करंट बाहेरच पडत नाहीये. वाटेत कुठेतरी अडथळा आहे. इंजिन बदललेल्या गाडीत हा तिसरा प्रकार सर्रास आढळतो, आणि तो अडथळा बहुतेक वेळा अर्थच्या बाजूला निघतो.

अर्थ: बहुतेक गाड्या इथेच अडतात

स्टार्टरचा निगेटिव्ह म्हणजे त्याची स्वतःची बॉडी. ती इंजिनाला किंवा गियरबॉक्सला बोल्टने टेकते, तिथून अर्थची पट्टी बॉडीला किंवा थेट बॅटरीला जाते. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज वाहत नाही. म्हणजे ती पट्टी लावायची राहिली तर इंजिन विजेच्या दृष्टीने गाडीपासून तुटलेलं असतं.

तरीही दिवे लागतात, पंखा फिरतो, डॅशबोर्ड उजळतो, कारण त्यांचा अर्थ बॉडीवर असतो. इथेच माणूस फसतो. स्टार्टरला मात्र लहान पेट्रोल इंजिनातही साधारण १०० ते २०० अँपियर लागतात, डिझेलला त्याहून बरेच जास्त. हा करंट मग मिळेल ती वाट धरतो: गियर सिलेक्टरची पोलादी केबल, ॲक्सिलरेटरची केबल, एखादी बारीक सेन्सरची वायर. दोन-तीनदा चावी फिरवून झाल्यावर गियरच्या केबलचं आवरण कोमट लागलं किंवा प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला तर लगेच बॅटरी काढा. अर्थची पट्टी नाही, याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

तपासणी अशी करा. मीटर व्होल्टवर ठेवा. काळा पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल पिन इंजिन ब्लॉकच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. चावी ‘स्टार्ट’वर धरा आणि त्याच वेळी वाचा. ०.२, फार तर ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून जास्त म्हणजे तेवढं व्होल्टेज अर्थच्या वाटेतच वाया जातंय. समजा बॅटरीवर १२.१ दिसतंय, अर्थच्या बाजूला ३.८ आणि पॉझिटिव्हच्या बाजूला ०.२. म्हणजे स्टार्टरच्या वाट्याला उरले ८.१ व्होल्ट. बॅटरी उत्तम, स्टार्टर उत्तम, आणि गाडी फिरत नाही.

झटपट खात्री करायची असेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिन उचलायच्या हुकाला किंवा अल्टरनेटरच्या उघड्या ब्रॅकेटला लावा. गाडी फिरली तर दोष सापडला.

पट्टी लावताना तिच्या दोन्ही टोकांखालची जागा नीट बघा. नव्याने रंगवलेला ब्लॉक किंवा पावडर-कोटिंग केलेलं ब्रॅकेट दिसायला देखणं असतं, पण रंग वीज अडवतो. लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) आकाराएवढी जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि मग वरून गंज न लागण्यासाठी ग्रीस लावा. ग्रीस आधी लावून मग आवळू नका. पट्टीतल्या तारा हिरव्या पडल्या असतील किंवा लगपाशी निम्म्या तुटल्या असतील तर पट्टीच बदला. मी तर एक जादा पट्टी थेट बॅटरीच्या निगेटिव्हपासून गियरबॉक्सच्या बोल्टपर्यंत टाकायचा आग्रह धरतो.

पॉझिटिव्ह केबल

तीच पद्धत. लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, काळा पिन स्टार्टरच्या जाड खुंटीवर, चावी ‘स्टार्ट’वर. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. जास्त दिसलं तर क्लॅम्प, लग किंवा केबल स्वतः खराब आहे. बॅटरी डिकीत हलवली असेल तर लांबीच्या हिशोबाने केबल जाड घ्यावी लागते. पुढे पुरणारी केबल मागून पुरत नाही. स्टार्टरच्या खुंटीवर जाड केबलसोबत अल्टरनेटरची आणि कधीकधी फ्युजिबल लिंकची (फ्यूजसारखी वितळणारी) वायरही असते. त्यातली एखादी खाली लोंबकळत राहिलेली नाही ना, ते पाहून घ्या. आणि केबल एक्झॉस्टपासून दूर बांधा.

सिग्नलची वाट: ‘पी-एन’ स्विच, रिले, इमोबिलायझर

चावी फिरवल्यावर काहीच होत नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर लक्ष द्या. वायर जोडलेली असतानाच तिच्या टर्मिनलवर मीटर लावा. वायर काढून मोजलं तर एका उरलेल्या तारेतूनसुद्धा मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट घेतच नाही. चावी ‘स्टार्ट’वर असताना बॅटरीच्या जवळपासचं व्होल्टेज आलं आणि तरी सोलेनॉइड गप्प राहिला तर सोलेनॉइड खराब किंवा त्याचा अर्थ नाही. ७-८ व्होल्ट आले तर वाटेत जळका कॉन्टॅक्ट आहे. शून्य आलं तर मागे मागे जायचं.

त्याआधी स्टार्टर खरंच चांगला आहे का ते एका झटक्यात कळतं. गियर ‘पी’मध्ये आहे याची पुन्हा खात्री करा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एक वायर क्षणभर त्या बारीक टर्मिनलला लावा. इंजिन जोरात फिरलं तर स्टार्टर, जाड केबल आणि अर्थ तिन्ही ठीक आहेत. उरतो फक्त सिग्नल.

मागे जाताना पहिला थांबा रिले. बहुतेक रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे असतात. ३० ला बॅटरी, ८७ सोलेनॉइडकडे, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. तसाच दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, तिथे लावून पाहा. मग सॉकेटमध्ये टेस्ट लॅम्प: ३० वर कायम वीज हवी, आणि चावी ‘स्टार्ट’वर गेली की कॉइलच्या एका टोकाला वीज आणि दुसऱ्याला अर्थ. यापैकी एक नसेल तर ती वाट कुठे तुटली ते शोधायचं, आणि ऑटोमॅटिकमध्ये ती सगळ्यात आधी ‘पी-एन’ स्विचपाशी तुटते.

हा स्विच गियरबॉक्सच्या बाजूला, सिलेक्टरच्या शाफ्टवर असतो. ‘पी’ किंवा ‘एन’ सोडून इतर गियरमध्ये तो स्टार्टरचा सिग्नल तोडतो. इंजिन बदलताना गियरची केबल काढली जाते, ओढली जाते, ब्रॅकेट एखाद्या खाचेने पुढेमागे होतं. मग आत लिव्हर ‘पी’ दाखवतो आणि गियरबॉक्सवरचा शाफ्ट मात्र ‘पी’च्या थोडा अलीकडे उभा असतो. सोपी चाचणी: पायब्रेक घट्ट दाबून आधी ‘पी’मध्ये, मग ‘एन’मध्ये चावी फिरवा. ‘एन’मध्ये फिरली आणि ‘पी’मध्ये नाही, किंवा उलट, तर केबलची जुळणी चुकलेली आहे. ‘रिव्हर्स’मध्ये मागचा दिवा लागत नसेल तर तोही याच बाजूला बोट दाखवतो, कारण अनेक गाड्यांत तो दिवा याच स्विचवर चालतो.

जुळवायचं असं: केबल शाफ्टच्या लिव्हरवरून सोडा. लिव्हर हाताने एका टोकाला ‘पी’पर्यंत न्या, मग दोन खटके मागे, ‘रिव्हर्स’ आणि ‘एन’. लिव्हर ‘एन’मध्ये ठेवा, आतला सिलेक्टरही ‘एन’मध्ये ठेवा, आणि केबलची लांबी अशी जुळवा की ती ताण न देता लिव्हरवर बसेल. स्विचचे बोल्ट लांबट भोकांत असतील तर स्विचवरची खूण ‘एन’च्या रेषेशी जुळवून मगच ते आवळा.

हा स्विच कायमचा जोडून टाकायचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नका. स्विच नसलेली ऑटोमॅटिक गाडी ‘ड्राइव्ह’मध्ये असतानाही सुरू होते आणि समोर जे असेल त्यावर जाते. समोर एखादं मूल असू शकतं. तपासणीसाठी दोन मिनिटं वायर जोडून पाहणं वेगळं. तेही उटी लावून आणि लगेच पूर्ववत करून.

इंजिनासोबत दुसऱ्या गाडीचं वायरिंग किंवा ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) आला असेल तर गुंता वाढतो. मूळ गाडी मॅन्युअल असेल तर त्या वायरिंगमध्ये ‘पी-एन’च्या जागी क्लच पेडलचा स्विच असतो, आणि सिग्नल तिथेच अडून राहतो. नव्या गाड्यांत चावी थेट रिलेला वीज देत नाही, ईसीयूला नुसती विनंती करते. ईसीयू मग गियरची स्थिती, ब्रेकचा स्विच आणि इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) तपासून रिले ओढतो. ईसीयूला चावी अनोळखी वाटली तर काही गाड्यांत सेल्फच लागत नाही, काहींत सेल्फ लागतो पण इंधन किंवा स्पार्क बंद राहतो. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलुपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर वायरिंग उचकटत बसू नका. ईसीयू, इमोबिलायझरचं युनिट आणि चावी हा संच एकाच गाडीचा हवा, नाहीतर त्यांची एकमेकांशी प्रोग्रामिंगने ओळख करून द्यावी लागते.

दातांची जुळणी

मोटर फिरते पण इंजिन हलत नाही, किंवा दात घासतात, तेव्हा स्टार्टर, फ्लेक्सप्लेट आणि बेलहाउसिंग एकमेकांचे आहेत का ते बघा. स्टार्टर बेलहाउसिंगला बसणारा असेल तर तो गियरबॉक्सच्या बाजूचा हवा आणि रिंग गियरच्या दातांची संख्या त्याच्याशी जुळायला हवी. शेव्हरलेच्या स्मॉल-ब्लॉक इंजिनाचं उदाहरण बोलकं आहे. त्याला १५३ आणि १६८ दातांच्या दोन फ्लेक्सप्लेट येतात, व्यास साधारण ३२ आणि साडेपस्तीस सेंटिमीटर, आणि दोन्हींना स्टार्टरच्या नाकाचा आकार वेगळा लागतो. त्यातच १९८६ पासून क्रँकचं मागचं सील एकसंध झालं आणि तोल साधणारं वजन फ्लेक्सप्लेटवर आलं. त्यामुळे दात जुळले तरी जुनी प्लेट नव्या इंजिनाला चालत नाही. म्हणून प्लेट चढवण्याआधी एका दाताला रंगाची खूण करून दात मोजा आणि जुन्या प्लेटशी ताडून पाहा.

प्लेट उलटी बसली तर रिंग गियर पुढेमागे सरकतो आणि बेंडिक्स त्याच्यापर्यंत पोचत नाही. काही इंजिनांमध्ये ब्लॉक आणि बेलहाउसिंग यांच्यामध्ये पातळ पत्रा असतो. तो राहून गेला की स्टार्टरचं अंतर बदलतं. ब्लॉकच्या मागच्या, जागा नेमकी धरणाऱ्या दोन डॉवेल पिना नसतील तर गियरबॉक्स किंचित खाली किंवा बाजूला बसतो आणि दात तिरके भिडतात.

ब्लॉकला खालून बसणाऱ्या, शिमने (मध्ये घालायच्या पातळ पत्र्याने) जुळवायच्या स्टार्टरमध्ये बेंडिक्स बाहेर ओढून त्याच्या दाताचं टोक आणि रिंग गियरच्या दोन दातांमधली खाच यांच्यातली फट मोजा. ०.५ ते ०.९ मिलिमीटर हवी. त्या जाडीची तार आत घालून पाहिलं तरी कळतं. स्टार्टर इंजिन फिरवत असताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर फट जास्त आहे, शिम काढा. इंजिन सुरू झाल्यावर चावी सोडताना तसा आवाज आला तर फट कमी आहे, शिम घाला. बेलहाउसिंगच्या भोकात नाकाने बसणाऱ्या स्टार्टरना शिम लागत नाही. तिथे गडबड असेल तर भाग चुकीचा आहे.

थंड असताना लागतो, गरम झाल्यावर नाही

नव्या इंजिनाबरोबर एक्झॉस्टची वाट बदलली आणि पाइप स्टार्टरजवळून गेला की हे सुरू होतं. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, सोलेनॉइडची ओढ कमी पडते. आधी गरम असताना वर सांगितलेली तिन्ही मापं परत घ्या. थंडपणी जेमतेम पास झालेली अर्थ गरम झाल्यावर नापास होते. मापं ठीक असतील तर उष्णतारोधक पत्रा बसवा, आणि सिग्नलची वाट लांब असेल तर स्टार्टरजवळ वेगळा रिले देऊन सोलेनॉइडला थेट बॅटरीची वीज द्या. चावीची वायर फक्त रिले ओढेल. त्या रिलेची कॉइल ‘पी-एन’ स्विचच्या पुढूनच जोडा, म्हणजे संरक्षण कायम राहील.

सेल्फ लागतो, इंजिन सुरू होत नाही

पेट्रोल इंजिन मिनिटाला साधारण २०० फेऱ्यांनी फिरत असेल तर स्टार्टरचं काम झालं. दोष आता इंधन, स्पार्क किंवा क्रँक सेन्सरकडे आहे. त्यातला एक मात्र याच कामाशी जोडलेला आहे. अनेक इंजिनांत क्रँक सेन्सर फ्लेक्सप्लेटवरच्या किंवा क्रँकवरच्या खाचा वाचतो, आणि प्लेट किंवा इंजिन दुसऱ्या पिढीचं असेल तर खाचांचा हिशोब ईसीयूला जुळत नाही. जनरल मोटर्सच्या एलएस घराण्यात जुन्या इंजिनांना २४ आणि नंतरच्यांना ५८ खाचांचा रिलक्टर (सेन्सर वाचतो ती क्रँकवरची चकती) आहे. ईसीयू एकाचा आणि क्रँक दुसऱ्याचा असेल तर स्टार्टर कितीही फिरवा, स्पार्क येणार नाही.

फिरवतानाही एका वेळी १० सेकंदांच्या वर जाऊ नका, आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा-एक मिनिट थांबा. इंजिन सुरू झाल्यावर चावी सोडली तरी स्टार्टर फिरतच राहिला तर बॅटरीचा निगेटिव्ह लगेच काढा. रिले चिकटलाय, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट एकमेकांना जळून जोडले गेलेत किंवा बारीक वायर चुकीच्या टर्मिनलवर लागलीय. निगेटिव्ह परत जोडण्याआधी रिले काढून ठेवा. रिले नसतानाही निगेटिव्ह लावताच स्टार्टर फिरला तर दोष सोलेनॉइडमध्ये किंवा वायरच्या जागेत आहे. फिरला नाही तर रिले बदला आणि चावीचा स्विच ‘स्टार्ट’वरून पूर्ण मागे येतो का ते तपासा.